राजा दीनदयाळ

आज ज्याला आपण धाराशिव जिल्हा म्हणतो, तो मुलूख १९४८ सालापर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला नळदुर्ग जिल्हा म्हणत. मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांवर त्या वेळी सहावा निजाम मीर महबूब अली खान याची सत्ता होती. त्याच्या पदरी जसे सरदार व जहागीरदार होते, तसेच एक छायाचित्रकारही होते. त्यांचे नाव लाला दीनदयाळ. त्या राज्याचे तेव्हाचे रूप आज आपल्या डोळ्यांना दिसते, याचे बरेचसे श्रेय या कलावंताकडे जाते.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळील सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १८६६ साली इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरी धरली. हिशेब आणि आराखडे यांत त्यांचा दिवस जाई. वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा छंद जडला.

ही विद्या तेव्हा नवीनच होती. १८३९ साली फ्रान्समध्ये तिचा शोध जाहीर झाला आणि पुढल्याच वर्षी ती भारतात पोचली. पण ती साध्य करणे सोपे नव्हते. कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर चढवलेली लाकडाची मोठी पेटी. चित्र उमटे ते काचेच्या पट्टीवर. त्या काचेला औषधांचा लेप द्यायचा, तो ओला आहे तोवर चित्र घ्यायचे आणि लगोलग अंधाऱ्या तंबूत ती काच धुवायची. एवढ्या खटाटोपात हात जरा चुकला, की सारे श्रम वाया जात. दीनदयाळ यांच्या ठायी चिकाटी होती आणि मोजमापाची शिस्त अंगी बाणलेली होती. म्हणून ही कला त्यांना वश झाली.

१८८२ साली मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी सर लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्याने त्यांना आपल्याबरोबर नेले. त्या दौऱ्यातून १८८६ साली एक ग्रंथ सिद्ध झाला. दीनदयाळ यांचे नाव सर्वत्र झाले. तेव्हा त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. निर्वाहाची निश्चिती असलेली सरकारी नोकरी सोडून त्यांनी छायाचित्रण हाच आपला व्यवसाय केला आणि ते सिकंदराबादेस आले.

निजामाने त्यांचा गौरव केला. त्यांना राजा ही पदवी आणि मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९६ साली त्यांनी मुंबईतही चित्रशाळा उघडली. पडद्यातील स्त्रियांना परपुरुषासमोर बसणे शक्य नव्हते. म्हणून हैदराबादेत त्यांनी स्त्रियांसाठी वेगळी चित्रशाळा काढली आणि तेथील काम एका इंग्रज बाईकडे सोपवले. दरबार, शिकार, राजवाडे, किल्ले, वेरूळची लेणी अशी अगणित दृश्ये त्यांच्या काचपट्ट्यांवर उतरली.

परंतु वैभव टिपणाऱ्या या कॅमेऱ्याला एकदा निराळेच दृश्य पाहावे लागले. १८९९-१९०० साली देशाच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. मराठवाडाही त्यातून सुटला नाही. दीनदयाळ यांच्या चित्रशाळेने औरंगाबाद भागातील दुष्काळग्रस्तांची छायाचित्रे घेतली. खोल गेलेले डोळे, वर आलेल्या बरगड्या, काडीसारखे हातपाय! दरबारातील हिरेमाणकांची चमक ज्या निष्ठेने टिपली, त्याच निष्ठेने ही भूकही टिपली गेली. आकड्यांनी जी वेदना सांगता येत नाही, ती या चित्रांनी पुढील पिढ्यांपुढे ठेवली.

१९०५ साली दीनदयाळ यांचे निधन झाले. पुढे चित्रशाळेचे वैभव ओसरले आणि १९४८ साली निजामाची राजवटही संपली. मागे उरल्या त्या काचपट्ट्या. धक्का लागला तर फुटणाऱ्या, दमट हवेने खराब होणाऱ्या! तरीही त्यांपैकी हजारो वाचल्या. १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांतील २,८५७ काचपट्ट्या आपल्याकडे घेतल्या. २००६ साली भारतीय टपाल खात्याने दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

सिंहासने गेली, किताब देणारे गेले. पण एका मनुष्याने सचोटीने केलेले काम नाजूक काचेवरही टिकून राहिले. आपल्या घरच्या जुन्या पेटीत एखादे पिवळे पडलेले छायाचित्र असेल, तर ते टाकून देऊ नये. त्यात कोण आहेत, ते कोठे व केव्हा घेतले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. इतिहास असाच जपला जातो.