डॅली मेसेंजर

हर्बर्ट हेन्री मेसेंजर ऊर्फ डॅली मेसेंजर (१२ एप्रिल १८८३ – २४ नोव्हेंबर १९५९) हे ऑस्ट्रेलियाचे रग्बी खेळाडू होते. रग्बी युनियन व रग्बी लीग या दोन्ही खेळांत त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले.

पूर्वायुष्य
त्यांचा जन्म सिडनी येथे झाला. त्यांचे वडील होड्या बांधण्याचा व्यवसाय करीत व नामांकित नौकापटू होते.

युनियनमधून लीगकडे
त्या काळी रग्बी युनियन हा हौशी खेळाडूंचा खेळ मानला जाई. तिकीटविक्रीचे उत्पन्न संघटनेकडे जाई. खेळाडूंना मानधन मिळत नसे आणि दुखापतीमुळे बुडालेल्या मजुरीची भरपाईही होत नसे. या असंतोषातून ऑगस्ट १९०७ मध्ये न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग स्थापन झाली. त्याच वर्षी न्यूझीलंडविरुद्ध युनियनचे कसोटी सामने खेळलेले मेसेंजर तिच्यात सामील झाले. सर्वांत लोकप्रिय खेळाडूच आल्याने नव्या खेळाला प्रेक्षक मिळाले. १९०९ मध्ये युनियनच्या राष्ट्रीय संघातील अनेक खेळाडूही मोबदला स्वीकारून लीगकडे वळले. युनियनने मेसेंजर यांच्या नोंदी वगळल्या. त्या २००७ मध्ये पूर्ववत करण्यात आल्या.

लीगमधील कारकीर्द
१९०७–०८ मध्ये ते न्यूझीलंडच्या व्यावसायिक संघाबरोबर, तर १९०८–०९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघाबरोबर ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. ईस्टर्न सबर्ब्स संघाने १९११ ते १९१३ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली, तेव्हा ते त्या संघात होते. १९१३ मध्ये ते निवृत्त झाले.

उत्तरायुष्य आणि वारसा
निवृत्तीनंतर त्यांनी हॉटेल चालवले व सुतारकामही केले. गनेडा येथे त्यांचे निधन झाले. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे ‘डॅली एम’ पदक त्यांच्या नावाने ओळखले जाते.