वाल्डेमार हाफकिन

इ. स. 1896 साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. लोक घरेदारे सोडून पळू लागले. अशा समयी ओडेसा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ हाफकिन मुंबईस आले. त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांना ताप भरला; पण ते डगमगले नाहीत.

लस घातक नाही, हे कळले. परंतु ती तारक आहे काय? त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस त्यांनी लस टोचली. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेले 12 कैदी आजारी पडून 6 दगावले. घेतलेल्यांपैकी 2 आजारी पडले, दगावला कोणीही नाही.

आज रक्तातील प्रतिपिंडे मोजून लशीचा गुण पारखतात. हाफकिन यांनी तो वाचलेल्या प्राणांवरून पारखला. परळच्या संस्थेस 1925 साली त्यांचेच नाव देण्यात आले.