मेकेल कोण होते? लहान आतड्यातील पिशवी आणि मुलांमधील रक्तस्राव

लहान मुलाला शौचातून बरेच रक्त पडते, पण पोट अजिबात दुखत नाही. अशा वेळी डॉक्टर 'मेकेलची पिशवी' असण्याची शक्यता सांगतात. हे मेकेल म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचे एक शरीररचनातज्ज्ञ.

योहान फ्रीडरिश मेकेल यांचा जन्म १७८१ मध्ये आजच्या जर्मनीतील हाले शहरात झाला. आजोबा आणि वडील दोघेही शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. घरात माणसांच्या व प्राण्यांच्या अवयवांचा मोठा संग्रह होता. १८०२ मध्ये हृदयातील जन्मजात दोषांवर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. नंतर पॅरिसला जाऊन त्यांनी क्युव्हिए यांच्याकडे प्राण्यांच्या शरीररचनेचा अभ्यास केला. १८०८ मध्ये ते हाले येथे प्राध्यापक झाले.

काही लोकांच्या लहान आतड्याला एक छोटी पिशवी असते, हे आधीही ठाऊक होते. ती का असते, हे मेकेल यांनी १८०९ मध्ये स्पष्ट केले. गर्भ अगदी लहान असताना त्याचे आतडे एका नळीने पीतककोषाला जोडलेले असते. ही नळी जन्माआधीच नाहीशी होते. तिचा भाग उरला, तर ही पिशवी बनते. म्हणजेच हा आईच्या खाण्यापिण्याचा किंवा कुणाच्या चुकीचा परिणाम नाही.

सुमारे २ टक्के लोकांमध्ये ही पिशवी असते आणि बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. काहींच्या पिशवीत मात्र जठरासारखे अस्तर असते, हे मेकेल यांच्यानंतर समजले. त्यातून आम्ल पाझरते, शेजारच्या आतड्यात जखम होते आणि रक्त येते. हा त्रास मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त होतो, तोही बहुधा पहिल्या काही वर्षांत. निदानासाठी 'मेकेल स्कॅन' करतात. रक्तस्राव होत असेल तर शस्त्रक्रियेने पिशवी काढतात.

वयानुसार कारणे बदलतात. तरुणांमध्ये मेकेलच्या पिशवीबरोबरच क्रोन्स आजार किंवा गाठ यांचाही विचार करावा लागतो. चाळिशीनंतर आतड्यातील नाजूक रक्तवाहिन्या आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे झालेल्या जखमा अधिक आढळतात. स्त्रियांमध्ये रक्त कमी असले की पाळीलाच दोष दिला जातो. पाळीत जास्त रक्त जात नसेल किंवा पाळी थांबली असेल, तर आतड्याची तपासणी टाळू नका.

मेकेल १८३३ मध्ये वारले. त्यांच्या कुटुंबाचा संग्रह हालेच्या विद्यापीठात आजही जपलेला आहे.

पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: पोट दुखत नाही म्हणून रक्त पडणे साधे ठरत नाही. 'उष्णता झाली' म्हणून घरगुती उपाय करत थांबू नका. मूल फिकट, सुस्त दिसत असेल किंवा रक्त जास्त असेल, तर त्याला लगेच रुग्णालयात न्या.