कुलूपवाल्याच्या मुलाचा भागाकार

शाळेत ओहमचा नियम मी घोकला तो परीक्षेपुरता. व्होल्टला अँपिअरने भागायचे, उत्तरापुढे ओहम लिहायचे, की गुण पदरात. या भागाकारापायी एका मास्तराने भरल्या संसारासारखी लागलेली नोकरी सोडली होती, हे पुष्कळ वर्षांनी त्याचे चरित्र वाचताना मला कळले.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म जर्मनीतल्या एर्लांगेन गावी १७८९ साली झाला. वडील कुलपे करणारे कारागीर. हा गृहस्थ आपले आपण गणित शिकला आणि मुलांनाही त्यानेच शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. पुढे विद्यापीठात चिरंजीव नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरच्या स्केटिंगमध्ये इतके रमले की वडिलांनी संतापून शिक्षणच थांबवले आणि त्यांची रवानगी स्वित्झर्लंडला झाली. तिथे शिक्षकी करावी लागली. १८११ मध्ये एर्लांगेनला परतून डॉक्टरेट मिळवली. १८१७ साली कोलोनच्या शाळेत जागा मिळाली. शाळेत प्रयोगशाळा होती, तीच महत्त्वाची.

तारेची लांबी वाढवली की प्रवाह किती घटतो, हे त्यांना मोजायचे होते. अडचण अशी की त्या काळच्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच ओसरे. १८२५ साली त्यांनी घाईने छापलेले सूत्र त्यामुळे चुकले. मग पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्यांनी बॅटरी बाजूला ठेवली. तांबे आणि बिस्मथ यांचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. दोन्हींचे तापमान ढळत नाही, म्हणून वीजही ढळत नाही. सारख्या जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि टांगलेली चुंबकसूची किती वळते ते पाहिले. १८२६ मध्ये हिशेब जुळला. मला विचाराल तर खरी करामत सूत्रात नाही, त्या बर्फात आणि उकळत्या पाण्यात आहे.

घरातली इस्त्री २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल, तर तिचा रोध ४६ ओहम. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की ११५० वॅट, म्हणजे तासाला १.१५ युनिट. हा गुणाकार मात्र ओहम यांचा नव्हे. तारेत प्रवाहामुळे किती उष्णता निर्माण होते याचा नियम इंग्लंडच्या जूलने १८४१ मध्ये मांडला. आणखी एक खोच: तार तापली की रोध बदलतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार थंड असताना मोजाल, तर पेटल्यावरच्या रोधाच्या जेमतेम दहावा भाग भरेल.

अर्ध्या पगाराची रजा घेऊन ओहम बर्लिनला गेले आणि १८२७ साली त्यांचे पुस्तक निघाले. विद्यापीठात जागा मिळेल ही आशा होती. पण विजेच्या प्रयोगात एवढे गणित कशाला, असाच विद्वानांचा सूर निघाला. मानी माणूस! त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि बर्लिनमध्ये गणिताचे तास घेत वर्षे काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गला बरी जागा मिळाली. मान मिळाला तो परदेशातून, लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक, १८४१ साली.

म्युनिक विद्यापीठात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांच्या हाती आले १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. ६ जुलै १८५४ रोजी ते गेले. पॅरिसच्या विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचे नाव दिले, ते १८८१ साली.