डॉ. लूसी विल्स

पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा ह्या डोंगराळ तालुक्यांत पावसाळा आला म्हणजे ओहोळ दुथडी भरून वाहूं लागतात, आणि त्याबरोबरच हिंवतापाचें भयहि वाढतें. गरोदर स्त्रीस तर हा ताप विशेष घातक होय. त्याचे जंतु रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात व वारेंत दडून बसतात. माता फिकी पडते आणि बालक कमी वजनाचें जन्मतें. गरोदर स्त्रियांच्या तपासणींत रक्त पाहतात तें ह्याकरितांच. त्याच वेळीं त्यांस लोह व फॉलिक अ‍ॅसिड यांच्या गोळ्याहि देतात. ह्यांपैकीं दुसऱ्या द्रव्याचा माग ज्या बाईंनीं मुंबईंत काढला, त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथें झाला. केंब्रिज येथें त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. परंतु त्या काळीं तें विद्यापीठ स्त्रियांस पदवी देत नसे. पुढें लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून १९२० सालीं त्या डॉक्टर झाल्या.

१९२८ सालीं त्या मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक स्त्रिया गरोदरपणीं पांढऱ्या फटक पडत, व कांहीं त्यांतच दगावत. हा रोग एखाद्या जंतूमुळें होत असावा काय, ह्याचा शोध बाईंनीं घेतला; पण तसा जंतु सांपडेना. तेव्हां त्यांनीं रुग्णांच्या राहणीचा व आहाराचा कसून तपास केला. निकृष्ट अन्नावर दिवस काढणाऱ्या गरीब स्त्रियांतच हा रोग अधिक, हें त्यांच्या ध्यानीं आलें. तसेंच अन्न उंदरांस व पुढें माकडांस देऊन त्यांनीं प्रयोग केले. यीस्टपासून केलेला मार्माइट नांवाचा स्वस्त अर्क दिल्यावर आजारी माकड सुधारलें. तोच अर्क मातांस दिला, आणि त्यांचें रक्त भरून आलें! १९३१ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. अर्कांतील गुणकारी द्रव्य कोणतें, हें मात्र तेव्हां कळलें नव्हतें. १९४१ सालीं पालकाच्या पानांतून तें वेगळें काढण्यांत आलें, व त्यास फॉलिक अ‍ॅसिड हें नांव मिळालें. १६ एप्रिल १९६४ रोजीं बाई निवर्तल्या.

विद्यार्थीमित्रहो, ही गोळी हिंवताप बरा करीत नाहीं, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. ताप येतांच रक्त तपासून घ्यावें, डॉक्टर देतील तें औषध पुरतें घ्यावें, आणि रात्रीं मच्छरदाणी लावावी. परंतु तापानें नासलेलें रक्त पुन्हां भरून येण्यास लोह, फॉलिक अ‍ॅसिड व पोटभर सकस अन्न हीं लागतातच. पोटासाठीं वीटभट्टीवर जाणाऱ्या मातेनेंहि गोळ्या बरोबर न्याव्या. लूसीबाईंनीं रोगाचें मूळ मातेच्या ताटांत शोधलें. आपल्या घरीं कोणी स्त्री गरोदर असेल, तर सर्वांची जेवणें झाल्यावर उरलेंसुरलें तेवढें तिच्या वाट्यास येत नाहीं ना, हें आपणहि पाहावें. हें काम करण्यास डॉक्टर व्हावें लागत नाहीं.