परिचारिका सावित्रीबाई

ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले यांची जयंती ३ जानेवारीला आपल्या वाशीम जिल्ह्यातील शाळाशाळांतून साजरी होते. १८४८ ची पुण्यातली मुलींची शाळा आणि अंगावर झेललेले शेणचिखल पाचवीतल्या मुलीलाही तोंडपाठ असते. १० मार्चच्या स्मृतिदिनी मात्र आपण प्लेगविषयी एक वाक्य उच्चारतो आणि पुढे सरकतो. सावित्रीबाईंचा तो मृत्यू क्षणिक करुणेतून ओढवला, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला तो मान्य नाही. त्या मृत्यूमागे तीसपस्तीस वर्षांची रुग्णसेवा उभी होती.

नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी १८३१ मध्ये जन्म, १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह, पुढे अहमदनगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण, हा तपशील सर्वांना माहीत आहे. शिकवण्याचे शिक्षण त्यांना मिळाले. परिचर्येचे शिक्षण देणारी शाळा मात्र त्या काळी पुण्यात नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची लंडनमधील शाळासुद्धा १८६० ची. आपल्याकडे तर आजाऱ्याचे मलमूत्र आणि बाळंतिणीचे रक्त हा विटाळाचा विषय होता. अनेक गावांत नाळ कापायला मांगवाड्यातली सुईण लागे, आणि काम झाल्यावर तिचाच स्पर्श वर्ज्य ठरे. जीव वाचवणारा हात अस्पृश्य ठरवणारी ही व्यवस्था होती.

१८६३ मध्ये फुले दांपत्याने स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी येथे गुप्तपणे यावे व सुखरूप बाळंत व्हावे, हा हेतू. या गृहाचे वर्णन करताना आपण औदार्याबद्दल बोलतो, कामाबद्दल बोलत नाही. जोतीरावांनी १८८४ मध्ये सक्तीच्या वैधव्याविषयी लिहिलेल्या मतात एक आकडा आहे. तोवर ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या आणि त्यांच्या मुलांपैकी फक्त ५ जिवंत होती. गर्भ लपवण्यासाठी किंवा पाडण्यासाठी घेतलेल्या जहाल औषधांनी बाकीची पोटातच अपाय पावली होती. या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. मरणाऱ्या अर्भकांना छातीशी धरून, त्यांच्या आयांचा ताप उतरेपर्यंत सावित्रीबाई त्या घरात वावरत होत्या. त्यांची परिचर्येची शाळा ती हीच, आणि तिथले धडे फार महाग होते. याच गृहात काशीबाई या विधवेच्या पोटी यशवंत जन्मला. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेतले, वाढवले आणि डॉक्टर केले.

१८७६-७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात उपाशी माणसांमध्ये राहिल्या. ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले त्यांचे पत्र उपलब्ध आहे.

पुढची परीक्षा घरातच झाली. मे १८८८ मध्ये मुंबईकरांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली आणि दोनच महिन्यांत पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग गेले. उपचार डॉ. विश्राम रामजी घोले यांचे होते. पण डॉक्टर तपासून जातो आणि उरलेला दिवस व सगळी रात्र घरच्या माणसावर पडते. परिचर्या शिकणाऱ्या मुलींना आज पहिल्या वर्षी शिकवतात, की अंग गेलेल्या रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, अंग पुसायचे, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, घास लहान द्यायचा. जोतीराव त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ जगले. एवढेच नव्हे, तर डाव्या हाताने त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढला. त्या ग्रंथाचे श्रेय देताना सावित्रीबाईंच्या शुश्रूषेचा उल्लेख क्वचितच होतो.

आजही मानोरा-मालेगावकडे मुलीला परिचर्येच्या शिक्षणाला पाठवायचे म्हटले, की एखादे वडीलधारे माणूस कुरकुरते, दुसऱ्याची घाण काढायला पोर शिकवली का? अशा पालकांना मी विनयपिटकातला प्रसंग सांगतो. अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली. त्याच ठिकाणी चांगल्या परिचारकाची पाच लक्षणे सांगितली आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लोभाविना मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, वांती काढताना किळस न करणे आणि रुग्णाला धम्माच्या बोलण्याने धीर देणे. आजच्या अभ्यासक्रमाशी ही यादी ताडून पाहावी.

१८९६ च्या शेवटी मुंबईत प्लेग आला आणि तेथून पुण्यात पसरला. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, मुंबईत हाफकिन यांची लस नुकतीच तयार झाली होती. पण रोग जडल्यावर देण्याजोगे रामबाण औषध नव्हते. पिसवांमुळे तो पसरतो याचा पुरावा १८९८ चा. जांघेत वा काखेत गाठ, अंगाची लाही आणि भ्रम, अशा रुग्णाला घोट घोट पाणी पाजणे, कपाळावर ओला कपडा ठेवणे, कपडे बदलणे आणि सोडून न जाणे, यावरच बरेचसे अवलंबून होते. म्हणजे उपचाराचा मोठा भाग परिचर्याच होती. घरोघरच्या सरकारी तपासण्यांच्या धास्तीने लोक आजारी माणसे लपवीत होते.

सैन्याच्या वैद्यकीय खात्यात असलेल्या यशवंतांना सावित्रीबाईंनी बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. रुग्ण आणण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. वय ६६. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचे कळताच त्या तेथे गेल्या, त्याला पाठीवर घेतले आणि तसेच मळ्यातल्या दवाखान्यात आणले. त्या काळी ज्याची सावलीही टाळली जाई, त्या घरातले तापाने फणफणलेले लेकरू त्यांच्या पाठीला बिलगून होते. प्लेगमध्ये रुग्णाला असे अंगाशी घेणे म्हणजे काय, हे दवाखाना चालवणाऱ्या बाईला ठाऊक नसेल असे मानता येत नाही.

पांडुरंग वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांचे परिनिर्वाण झाले. आठ-नऊ वर्षांनी डॉ. यशवंतही प्लेगच्या रुग्णांवर उपचार करता करता त्याच रोगाने गेले.