मुक्या जिवांचे आश्रयदाते

खुरात खिळा रुतलेला बैल आपले दुःख कोणाला सांगणार? तो लंगडत चालतो, आणि पाठीवर आसूड बसला की पुन्हा ओझे ओढू लागतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वाढ झपाट्याने होत होती. १८५३ साली बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली. तरीही बंदरातील व स्थानकातील माल घरोघर नेण्याचे काम बैलांकडे व घोड्यांकडेच होते. त्यांतले एखादे जनावर जखमी झाले की त्याला वाली उरत नसे. अशा जिवांसाठी ज्यांनी आपली थैली मोकळी केली, ते सर दिनशा माणेकजी पेटिट होत.

दिनशांचा जन्म ३० जून १८२३ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी एका इंग्रज पेढीत कारकुनी केली. पुढे ते कापडगिरण्यांच्या धंद्यात पडले आणि उद्योग व सचोटी यांच्या बळावर मुंबईच्या अग्रगण्य गिरणीमालकांत गणले जाऊ लागले. लक्ष्मी घरी आली, परंतु तिला त्यांनी कोंडून ठेवले नाही. रत्नागिरीच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानास त्यांचे नाव मिळाले, ते त्यांच्या दातृत्वामुळेच.

दिनशा लहान होते तेव्हा शस्त्रक्रिया म्हणजे केवळ यातना होत्या. माणसाला चारचौघे धरून ठेवीत. घोड्याला दोरांनी आवळून जमिनीवर पाडीत. वेदनेने तो इतका झटापट करी की कित्येकदा स्वतःचेच हाड मोडून घेई. १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी ईथरच्या वाफेने रोग्यास भूल देऊन सर्वांसमक्ष शस्त्रक्रिया झाली. १८४७ साली एडिंबरो येथे डॉ. सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. ही विद्या लवकरच जनावरांनाही लाभली. क्लोरोफॉर्मने भिजविलेला स्पंज तोबऱ्यात घालून तो घोड्याच्या तोंडाशी बांधीत. थोड्या वेळात घोडा निश्चल पडे.

पण ही विद्या दुधारी होती. क्लोरोफॉर्म थोडा अधिक झाला की हृदय बंद पडे. गाईबैलांची गोष्ट तर आणखी नाजूक. भूल चढल्यावर त्यांच्या पोटातील चारापाणी तोंडात येते व श्वासनलिकेत शिरून जीव जातो. म्हणून त्यांना आधी उपाशी ठेवावे लागते. जनावर आपली व्यथा सांगू शकत नाही. ती त्याच्या श्वासावरून, नाडीवरून व डोळ्यांवरून ओळखावी लागते. अशा कामास नुसती दया पुरत नाही, शिक्षण घेतलेला वैद्य हवा.

मुंबईत १८७४ साली प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. परंतु छळातून सोडविलेल्या जनावराला ठेवावयाचे कोठे? दिनशांनी परळ येथे जागा व पैसा दिला, आणि १८८४ च्या सुमारास तेथे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव देण्यात आले. २ ऑगस्ट १८८६ रोजी तेथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. करुणेला अशा रीतीने ज्ञानाची जोड मिळाली.

सरकारने १८८७ साली त्यांना 'सर' ही पदवी दिली व १८९० साली बॅरोनेट केले. ५ मे १९०१ रोजी ते निवर्तले.

आता क्लोरोफॉर्म मागे पडला आहे. झायलाझिन व केटामाइन ही औषधे टोचून आणि आयसोफ्लुरेनसारखा वायू हुंगवून पशुवैद्य भूल देतात. त्यांतही तारतम्य लागते. घोड्याला जितके झायलाझिन लागते, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तेवढ्याच वजनाची गाय गुंगते! २०१९ च्या फेब्रुवारीत ठाणे शहराच्या भरवस्तीत एक बिबट्या शिरला. त्याला काठ्यांनी मारण्यात आले नाही. भुलीचे औषध टोचून त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात नेण्यात आले.

दिनशांनी स्वतः कधी शस्त्र हाती धरले नाही की औषध शोधले नाही. पण ज्याला बोलता येत नाही त्यालाही वेदना असते, हे त्यांनी जाणले आणि ती दूर करणाऱ्या विद्येला घर दिले. परळच्या त्या रुग्णालयाचे दार आजही मुक्या जिवांसाठी उघडे आहे.